मधल्या नावाचा सराव

माझ्या मुलीला सहाव्या वर्षापर्यंत 'क' येत नव्हता, 'ग'ही येत नव्हता. क म्हणायचा असला की तिची जीभ मागं जायच्या ऐवजी पुढं धावायची आणि दातांना टेकायची. झाला त. ग असला की द. गाय म्हणजे दाय, काकी म्हणजे ताती. आमच्या वारूळवाडीच्या आळीत सगळ्यांना ते कळायचं. नुसतं कळायचं नाही, आवडायचं. पावणे आले की तिला उंबऱ्यावर उभं करायचे आणि विचारायचे, "गोठ्यात काय हाय गं?" ती म्हणायची, "दाय." लोक हसायचे, कुणी हातावर गोळी ठेवायचं. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू. माझ्या जाऊबाई तर तिच्याशी तिच्याच भाषेत बोलायच्या, "दायीला पाणी पाजलं ता?" असं. पोरीला वाटायचं, बोलायचं ते हेच, आणि आपलं लई भारी चाललंय.

आता दुसरी गोष्ट सांगते, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या घरात एक माणूस असा होता की त्याचं नाव कुणीच घेत नव्हतं. तो म्हणजे माझा नवरा. नारायणगावात ह्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, हे त्यात नवी तार भरायचे. दुकानात सगळे 'मिस्तरी' म्हणायचे. घरात थोरले दीर 'धाकल्या' म्हणायचे, जाऊबाई 'भावजी', पोरगी 'पप्पा'. नावानं हाक मारणारी एक सासू, ती माझ्या लग्नाआधीच गेली. आणि मी 'अहो'. लग्नात उखाणा घेतला आणि उंबऱ्यात माप ओलांडताना घेतला, असं दोनदा ते नाव माझ्या तोंडून गेलं होतं. तेही यमकाच्या गर्दीत, घाईनं. ते नाव 'क'नं सुरू होतं, एवढंच इथं सांगते.

नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर पंचाईत बाहेर व्हायची. दवाखान्यात म्हणा, कचेरीत म्हणा, नवऱ्याचं नाव विचारतातच. अशा वेळी आमच्याकडच्या बायका बरोबरच्या पोराला कोपरानं ढोसतात, "सांग की रं बापाचं नाव." पोर सांगतं, साहेब लिहितो, बाई पदर नीट करते. पोर बरोबर नसेल तर रांगेतल्या ओळखीच्या बाईला सांगायला लावतात. मी दहावी पास होते, पेपर वाचायचे, कुणाशी भांडायला उभी राहिले तर समोरचा थकायचा, माझं तोंड सुटलं की आवरायचं नाही. पण नवऱ्याचं नाव म्हटलं की मीही त्याच बायकांतली.

नव्वदीची शेवटची वर्षं होती ती. दिवाळी झाल्यावर एका दाखल्यासाठी मी पोरीला घेऊन जुन्नरला गेले. खिडकीपलीकडच्या माणसानं माझं नाव विचारलं, ते मी सांगितलं. मग म्हणाला, "नवऱ्याचं नाव?" मी सवयीनं पोरीला ढोसलं. तिनं टाचा उंच करून, खिडकीला हनुवटी लावून, बापाचं नाव सांगितलं. अर्थात 'त'नं. त्या माणसाला हसू आलं. "पुन्हा म्हण बरं," म्हणाला. तिनं पुन्हा म्हटलं. त्यानं शेजारच्या टेबलावरच्याला बोलावलं, "अहो, इकडं या, ऐका." तिनं तिसऱ्यांदा म्हटलं, अजून मोठ्यानं, कारण हसणारी माणसं म्हणजे आपली माणसं हे तिला घरात शिकवलेलं. चौथ्यांदा म्हणायच्या आधी तिनं वर माझ्या तोंडाकडं बघितलं. माझं तोंड त्या वेळी कसं झालं होतं मला माहीत नाही. ती गप्प झाली. रांगेत मागं आमच्या गावची एक बाई होती, तिनं नाव सांगितलं, दाखल्याचं काम झालं आणि आम्ही एसटीत बसलो.

राग माझ्या नाकावर असतोच. पण तो त्या खिडकीतल्या माणसावर काढायला पाहिजे होता, आणि मी काढला पोरीवर. घरी आल्यावर तिला चुलीसमोर बसवली आणि म्हटलं, म्हण, क. ती म्हणाली, त. म्हण, क. त. जेवणं राहिली, दिवेलागण झाली, माझं आपलं चालूच. शेवटी तिनं तोंड मिटून घेतलं आणि मी तिच्या गालात एक ठेवून दिली. बोटं उठली. आजही लिहिताना हात थांबतो. मी मारलं, आणि ज्या गोष्टीत तिची काही चूक नव्हती त्यासाठी मारलं.

त्यानंतर ती बोलायचीच बंद झाली. आधी माझ्याशी, आठ दिवस. मग बाहेर सगळ्यांशीच. घरात बापाच्या कानात काही तरी पुटपुटायची, गोठ्यात वासराशी कुजबुजायची, बस. पावण्यांनी बोलावलं की जाऊबाईंच्या मागं लपायची. बालवाडीच्या बाईंनी मला थांबवून सांगितलं, "पोरगी खिडकीतून नुसती बाहेर बघती. येत्या जूनला पहिलीत घालू नका, एक वर्ष थांबा." थोरले दीरही तेच म्हणाले. शाळेच्या कमिटीवर होते, गावात त्यांचा शब्द खाली पडत नव्हता. "राहू द्या घरी," म्हणाले, "पोरं चिडवत्याल, उगा हसं व्हईल." एक वर्ष घरी राहिली की दुसऱ्या वर्षी तोंड उघडेल, याची मला काही खात्री वाटत नव्हती. मला वाटत होतं, आता नाही बोलली तर ही कायमची आत जाऊन बसेल. आणि आत ढकलणारी मीच होते.

उपाय सांगायला मात्र सगळं गाव पुढं. एकीनं मधात वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगितलं, लावलं. दुसरीनं देवळातल्या शंखातलं पाणी पाजायला सांगितलं, पाजलं. पोपटानं उष्टावलेला पेरू खाऊ घाल म्हणाली तिसरी, तर मी दोन दिवस पेरूच्या झाडाखाली पोपटाची वाट बघत बसले. एक म्हातारी म्हणाली, जिभेखालची शीर कापायला पाहिजे. तेव्हा मात्र मी घाबरले आणि नारायणगावच्या डॉक्टरकडं गेले. त्यांनी कान तपासले, जीभ बाहेर काढायला लावली, वर करायला लावली. कान चांगले, जीभ मोकळी, कापायचं काही कारण नाही म्हणाले. जुन्नरला एका दवाखान्याच्या माडीवर दर गुरुवारी पुण्याहून वाचा शिकवणाऱ्या मॅडम यायच्या, त्यांच्याकडं पाठवलं.

मॅडम म्हणजे पंचवीस-सव्वीसची मुलगी, माझ्याहून लहान. खांद्याला शबनम, त्यात एक आरसा, लाकडाच्या चपट्या पट्ट्या आणि चित्रांचे पत्ते. माडीच्या खिडकीतून शिवनेरीचा कडा दिसायचा, दुपारी त्याची सावली सरकत सरकत बाजाराच्या बाजूला यायची. मॅडमनी पोरीला काही बोलायला लावलं नाही. अर्धा तास दोघी खाली सतरंजीवर बसून चित्रं लावत होत्या. मग मॅडमनी गायीचं चित्र उचललं आणि सहज म्हणाल्या, "ही दाय." पोरीनं वर बघितलं. कपाळाला आठ्या. मॅडम पुन्हा म्हणाल्या, "दाय ना ही?" आणि माझी मुलगी, जी दोन महिने परक्या माणसासमोर बोलली नव्हती, ती चिडून म्हणाली, "दाय नाय. दाय."

मला काहीच कळलं नाही. मॅडम मात्र खूश. म्हणाल्या, "बघा ताई, तिच्या कानाला फरक कळतोय. मी चुकीचं म्हटलं ते तिला पटलं नाही. स्वतःच्या तोंडून तेच निघतंय हे फक्त तिला कळत नाहीये. हट्ट नाही, आळस नाही. जिभेला मागची वाट सापडली नाही, एवढंच." मी गालात मारल्याचं त्यांना सांगितलं. का सांगितलं, ठाऊक नाही, त्यांनी विचारलं नव्हतं. त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "आता नका मारू."

मग घरच्यांना नियम घातले. तिला कुणी 'म्हण म्हण' करायचं नाही. तिच्यासारखं बोबडं कुणी बोलायचं नाही. चूक काढायची नाही. ती 'दाय आली' म्हणाली तर आपण नुसतं म्हणायचं, "हो, गाय आली," आणि कामाला लागायचं. जाऊबाईंना राग आला, "मग आमी काय तोंड शिवून बसायचं?" पण चार दिवसांनी त्याच गोठ्यात मोठमोठ्यानं म्हणायला लागल्या, "हो गं बाई, गाय आली, गाय बसली, गाय उठली." गाय बिचारी दचकायची.

'क' कसा काढायचा ते मॅडमनी शिकवलं. आधी पाणी घेऊन गुळण्या. गुळणी करताना घशापाशी जे गुरगुरतं, तीच जागा. मग चपटी पट्टी जिभेच्या शेंड्यावर ठेवून दाबायची, शेंडा पुढं धावला नाही की मागचा भाग आपोआप उचलला जातो. घरी पट्टीऐवजी चमच्याचा दांडा. आणि सगळ्यात सोपं म्हणजे पोरीला उताणं झोपवायचं. उताणं झोपलं की जीभ स्वतःच्या वजनानं मागं जाते. तिसऱ्या गुरुवारी सतरंजीवर उताणं पडून, छताकडं बघत, पोरगी खाकरल्यासारखं 'क्क' म्हणाली आणि स्वतःच घाबरून उठून बसली. जीभ बाहेर काढून आरशात बघायला लागली, काही मोडलंबिडलं तर नाही ना म्हणून.

पुढचा गुरुवार मला जसाच्या तसा आठवतो. मॅडम म्हणाल्या, आता शब्दांकडं जाऊ, पण पत्त्यांवरचे कप आणि केक नकोत, हिच्या रोजच्या गरजेचा शब्द घेऊ. शाळेत पहिल्या दिवशी काय विचारतील? पूर्ण नाव. "हिचं पूर्ण नाव सांगा." मी मुलीचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. "मधलं?" मी पोरीला कोपरानं ढोसलं. ती भिंतीकडं बघायला लागली. मॅडमनी पेन थांबवलं आणि माझ्याकडं बघून जरा हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, तुम्हालाही बोलायला काही अडचण आहे का?"

मी म्हटलं, "आमच्यात घेत न्हाईत."

त्या हसल्या नाहीत, की 'काय हे, कुठल्या काळात राहता' असंही म्हणाल्या नाहीत. तसं म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते आणि परत गेले नसते. त्यांनी साधं विचारलं, "मग ती कुणाकडून ऐकणार?" घरात कोण घेतं हे नाव, म्हणाल्या. मी बोटं मोजायला गेले आणि एकही बोट उचललं नाही. जो शब्द पोरीला सगळ्यात जास्त लागणार, तो तिनं वर्षातून दोन-चारदा, परक्याच्या तोंडून ऐकलेला. मॅडम म्हणाल्या, "रोज पन्नास वेळा तिच्या कानावर पडायला पाहिजे, सावकाश, समोरासमोर. आधी तुम्ही, मग ती. आईची पाळी आधी. आई म्हणेपर्यंत तिनं थांबायचं, नुसतं ऐकायचं."

मी पळवाट काढलीच. घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, तुमचं नाव तुम्हीच म्हणून दाखवा पोरीला. हे रात्री दमून यायचे, हाताला तांब्याच्या तारेचा आणि वार्निशचा वास. पोरीला समोर बसवून दोनदा म्हणाले आणि तिसऱ्यांदा लाजले. "स्वतःचं नाव किती येळा घेऊ? येडा झाल्यागत वाटतंय." आणि पोरगी तोवर पेंगायला लागलेली. जाऊबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुजा नवरा, तुजी पोरगी." म्हणजे आली का माझ्यावरच.

घरात तर शक्यच नव्हतं. थोरले दीर ओसरीवर बसलेले असायचे, त्यांच्यासमोर माझा डोक्यावरचा पदर कधी खाली आला नव्हता. म्हणून मी पोरीला घेऊन शेतात गेले. आमच्या वावराच्या कडेला कांद्याची बराखी होती, कांदा साठवायची, बांबूच्या पट्ट्यांची. पौषाचा महिना, बराखी रिकामी, आत जुन्या कांद्याची सालं वाऱ्यानं सरकत होती. बराखीच्या पलीकडं मी गोधडी अंथरली. पोरीला उताणी झोपवली आणि तिच्या शेजारी मीही उताणी झोपले. लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी मी आभाळाकडं तोंड करून पडले नव्हते. बाईमाणसाला कुठलं आभाळ, खालीच बघायची सवय.

आभाळ फार मोठं होतं. मी तोंड उघडलं आणि नाव आलंच नाही. 'अहो' आलं. पोरगी खुदकन हसली. मग मी डोळे मिटले आणि नाव घेतलं. एकदा. इतकं बारीक की बहुतेक मलाच ऐकू आलं असेल. वावरात चिटपाखरू नव्हतं, तरी मी उठून बसले, बांधाकडं बघून घेतलं आणि मग परत आडवी झाले. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा. पोरगी वळून माझ्या तोंडात बघत होती, जीभ कुठं जाते ते. आधी आई, मग ती. तिचं आलं 'त'नंच, पण त्याच्या आधी घशात कुठं तरी एक 'क' अडखळून गेला, तो मी ऐकला.

मग रोज दुपारी आमचं हेच. माणसं जेवून कलंडली की आम्ही दोघी गोधडी घेऊन निघायचो. थंडीत ऊन अंगावर घेत पडायचो, उन्हाळा लागल्यावर कडूलिंबाखाली सरकलो. लांब खोडदच्या बाजूला रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठाल्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या होत्या. त्या वरचं ऐकतात, असं तिला बापानं सांगितलं होतं. "आपलं पण ऐतत्यात?" तिनं विचारलं. मी म्हटलं, ऐकत असतील. तेव्हापासून ती नीट म्हणायला लागली, लांबच्या माणसाला ऐकू जावं तसं, एकेक अक्षर सोडून. वाऱ्यानं लिंबाचा बहर गळायचा, तो तिच्या उघड्या तोंडात पडला की कडू लागलं म्हणून ती थुंकायची आणि पुन्हा आडवी व्हायची. कधी कधी म्हणता म्हणता ती झोपून जायची. मी उठत नसे.

आता जे सांगणार आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ती झोपली तरी मी ते नाव घेत राहायचे. पहिले दहा दिवस भीती होती, मग भीती गेली. आठ वर्षं मी ह्या माणसाला जेवायला वाढलं, तापात पाय चेपले, मोटारीच्या तेलानं माखलेले सदरे धुतले आणि भांडण तर रोजचं. पण हाक कधी मारली नव्हती. 'अहो' काय, रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही म्हणता येतं. नाव घेतलं की हाच एक माणूस डोळ्यांसमोर यायचा, दुसरा कुणी नाही. दुकानात वाकून बसलेला, ओठांत तारेचं टोक धरलेला. मला त्या माणसाची आठवण यायला लागली. रोज संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाची, कोसभरावर बसलेल्या माणसाची. भरदुपारी, लिंबाखाली, झोपलेल्या पोरीशेजारी मी त्याच्यावाचून व्याकूळ व्हायचे आणि संध्याकाळी तो आला की ताटलीत भाकरी टाकून म्हणायचे, "अहो, मीठ बघा." वेडीच म्हणायची.

चैत्र संपता संपता पोरीला नाव आलं, पण फक्त आडवं पडून आणि फक्त बराखीपाशी. उठून बसली की 'त'. मॅडम म्हणाल्या, होईल, घाई नको, आडवी म्हणते तीच बसून म्हणेल, मग चालता चालता, मग भांडता भांडता. पण शाळा काही थांबणार नव्हती. थोरले दीर पुन्हा म्हणाले, पुढल्या वर्षी बघू. मी पदराआडूनच म्हटलं, "ह्याच वर्षी." त्यांना माझ्याकडून उत्तर ऐकायची सवय नव्हती. "ठीक हाय," म्हणाले, "मी येतो बरोबर. पण गुरुजींम्होरं नाय बोलली, तर मग माजं ऐकायचं." मी हो म्हटलं. म्हणजे त्या एका सकाळवर पोरीचं वर्ष टांगलं.

शाळा उघडायच्या दिवशी ह्यांना कुणाच्या तरी विहिरीवर जावं लागलं, मोटार बसली होती आणि रोपं सुकत होती. मी, पोरगी आणि थोरले दीर असे शाळेत गेलो. गुरुजींची खोली लहान, शहाबादी फरशी, एक टेबल, भिंतीला नकाशा. आळीतल्या आणखी दोघी आपापली पोरं घेऊन दाराशी उभ्या होत्या. गुरुजी भला माणूस. पोरीकडं वाकून म्हणाले, "काय बाळ, तुझं पूर्ण नाव काय?"

ती बोलली नाही. गुरुजींनी पुन्हा विचारलं. थोरले दीर खाकरले आणि म्हणाले, "राहू द्या गुरुजी, मी सांगतो." तेवढ्यात पोरीनं माझा हात सोडला आणि खाली फरशीवर, टेबलासमोर, सरळ उताणी झोपली. नवा फ्रॉक, दोन वेण्या. हात अंगाला लावून, तोंड उघडं, नजर छताला. दारातल्या दोघी फिसकन हसल्या. गुरुजी खुर्चीतून उठले, "अगं अगं, चक्कर आली का काय?" दीर म्हणाले, "उठ, उठ," आणि त्यांच्या आवाजात असं होतं की झालं, हेच होणार होतं.

ती उठली नाही आणि बोललीही नाही. तिनं फक्त डोळे फिरवून माझ्याकडं बघितलं. कुणाला वाटलं असेल घाबरली. घाबरली नव्हती. ती थांबली होती. पाच महिने रोज पन्नास वेळा आम्ही जे केलं तेच ती करत होती. आधी आई, मग ती. माझी पाळी होती आणि मी गप्प उभी होते. हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं.

समोर गुरुजी, शेजारी थोरले दीर, दारात आळी. मी उभी राहिले असते तर तोंडातून शब्द निघाला नसता, म्हणून मी तिच्याजवळ फरशीवर खाली बसले. बसताना पदर डोक्यावरून घसरला, तो मी वर घेतला नाही. आणि मी माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. 'राव' न लावता, यमक न जुळवता, लांबच्याला ऐकू जाईल असं. हसणाऱ्या दोघी हसायच्या थांबल्या. दिरांनी मान खिडकीकडं फिरवली. पोरगी छताकडं बघत होती. तिनं जीभ मागं नेली, ते मला तिच्या गळ्यावर दिसलं, आणि तिनं स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव म्हटलं. बापाच्या नावातला क अगदी पुरता होता. मग उठून बसली, फ्रॉक झटकला आणि गुरुजींना विचारलं, "लिवलं?"

त्यांनी लिहिलं. परत येताना दीर चार पावलं पुढं चालत होते. वळणावर थांबले, माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरगी बोलली, बरं झालं," आणि वावराकडं गेले. एका घटकेत आळीभर झालं होतं. जाऊबाईंनी भाकऱ्या थापता थापता विचारलं, "घेतलंस म्हणं?" मी म्हटलं, घेतलं. त्या म्हणाल्या, "मला मेलीला आता काय नाव हाय त्येबी आठवत न्हाई, माज्याचं." आणि हसत सुटल्या, मग मध्येच तव्यावरची भाकरी उलटायला वळल्या. आमचे गुरुवार पुढं वर्षभर चालूच राहिले. बसून, उभ्यानं, चालता चालता, एकेक करत क घरात आला, त्याच्यामागून ग आला. ती पोरगी आता बोलायला लागली की मलाच गप्प बसवते.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. दिवस मावळताना हे आले. दुकानात कळलंच असणार, नारायणगाव आमच्यापासून किती लांब. तोंडावर मात्र काही दिसू दिलं नाही. अंगणातल्या नळावर माझ्याकडं पाठ करून हात धूत बसले, तेल निघायला वेळ लागतो. मी ओट्यावर होते, दिवसभराच्या दमणुकीनं पोरगी माझ्या मांडीवर झोपलेली. दीर देवळात गेलेले, जाऊबाई धारा काढायला गोठ्यात. मी नाव घेतलं. हाक मारली म्हणा.

ह्यांनी पाठमोऱ्यानंच "ओ" दिली, पोरानं आईला द्यावी तशी, आणि मग साबणाचे हात तसेच धरून थांबले. नळ चालूच होता.